उरलेली तीन मते कुणाला?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



१५ जानेवारी २०२६ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिकेची निवडणूक झाली, तीत मी अपक्ष उभी होते आणि पडले. हे आधीच सांगून टाकते. पडलेल्या उमेदवाराच्या पत्राला लोक रडगाणे म्हणतात, तुम्हीही म्हणा, पण शेवटपर्यंत वाचा. यंत्राबद्दल, मतदार याद्यांबद्दल किंवा निवडून आलेल्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी पडले ते नीट पडले. तक्रार प्रभागाच्या आकाराची आहे, आणि तो आकार ठरवणारा कायदा तुमच्या खात्याचा आहे. आधी राज्य निवडणूक आयोगाला लिहायला घेतले होते. मग लक्षात आले की आयोग मापाप्रमाणे कापतो, माप तुम्ही देता. मी तीस वर्षे शिवणक्लास चालवलाय, माप देणारा आणि कापणारा यांतला फरक मला कळतो.

प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेले होते. बायका वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. त्यांतल्या एकीची मुलगी माझ्याकडे शिवण शिकलेली. मी पत्रक दिले, कपबशी दाखवली. तिने हात पुसून पत्रक घेतले, वाचले आणि विचारले, “बाई, तुम्हाला एक दिलं, उरलेली तीन कुणाला देऊ?”

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा. मी ‘क’मध्ये होते. मतदाराने चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय त्याचे मतदान पुरे होत नाही, शिट्टीसारखा तो आवाज येत नाही. ‘उरलेल्या तिन्ही ठिकाणी नोटा दाबा’ असे सांगावे, तर मी माणसांना कुणालाच न निवडायला शिकवतेय असे होते. ‘तुमच्या मनाला येईल त्याला द्या’ म्हणावे, तर समोरून पुढचा प्रश्न येतो, “मग तुमचं पॅनेल कुठलं?” हा प्रश्न मला त्या दहा दिवसांत किती वेळा ऐकावा लागला याची गणती नाही. स्टेशनकडच्या एका सोसायटीच्या गेटवर तर सिक्युरिटीच्या पोराने रजिस्टर पुढे केले. त्यात नाव, फोन नंबर आणि तिसऱ्या रकान्यात ‘पॅनेल’. मी तिथे ‘शिवणक्लास’ लिहिले. तो हसला आणि सोडले त्याने आत.

आता थोडा हिशेब. आमच्या महापालिकेत ११५ नगरसेवक. पूर्वी, २०१५च्या निवडणुकीत, ११५ प्रभाग होते, एकाला एक. या वेळी प्रभाग २९. त्यांतले २८ चार जणांचे आणि एक तीन जणांचा. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यानेच एका प्रभागात सरासरी ४२ हजार माणसे, आज कितीतरी अधिक. घरटी चार माणसे धरली तर साडेदहा हजार घरे. चिन्ह हातात पडल्यापासून प्रचार थांबेपर्यंत जेमतेम दहा दिवस होते. म्हणजे दिवसाला हजारावर दारे. सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये पाणीसुद्धा न पिता फिरले तरी एका दाराला वाट्याला येतात ४१ सेकंद, आणि त्यातच पुढच्या दारापर्यंत चालत जायचे. चार मजले चढायचे असतील तर ते निराळे. हाच हिशेब एकसदस्य प्रभागाला लावा. साडेदहा हजार माणसे, सव्वीसशे घरे, दाराला पावणेतीन मिनिटे. पावणेतीन मिनिटांत माणूस नाव विचारतो, ‘तुम्ही अमक्याच्या कोण’ विचारतो, गटाराचे झाकण दाखवतो. ४१ सेकंदांत पत्रक हातात कोंबता येते, बस्स.

जो उमेदवार दारात जाऊ शकत नाही, तो दारात कुणाला तरी पाठवतो. पाठवायला माणसे लागतात, माणसांना वडापाव, टी-शर्ट आणि रोजचे काहीतरी लागते. हे सगळे पक्षाकडे असते किंवा पैसेवाल्याकडे असते. मी पक्षांच्या विरोधात नाही. पक्ष हवेतच. पण घटनेने स्थानिक स्वराज्य संस्था वेगळ्या काढल्या, १९९३मध्ये ७३वी आणि ७४वी दुरुस्ती अमलात आली, ती मला समजली तशी अशी होती की इथे तरी चेहऱ्याने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला उभे राहता यावे. वय २१ पूर्ण, मतदार यादीत नाव, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे शपथपत्र, सप्टेंबर २००१नंतर दोनाहून अधिक अपत्ये नसल्याची घोषणा. एवढ्यावर अर्ज भरता येतो. कागदावर दार सताड उघडे आहे. मी ते सगळे कागद जमवले. माझी दोन्ही मुले त्या तारखेच्या कितीतरी आधीची, तरी ती किती हे या वयात लिहून द्यावे लागले याचे घरात सगळ्यांना हसू आले. कागदांनी मला अडवले नाही. मला अडवले ते उरलेल्या तीन मतांनी.

प्रभागात किती सदस्य असावेत यावर आपल्या राज्याचे एकमत कधी झालेलेच नाही. २००२ला तीन होते. २००७ला एक. २०१२ला दोन. २०१७ला चार. २०१९च्या शेवटी नव्या सरकारने पुन्हा एक केला, २०२१ला त्याच सरकारने तीन केले, २०२२ला सरकार बदलले आणि परत चार झाले. आमच्याकडे भरती दिवसातून दोनदा येते आणि दोनदा ओसरते, पण तिचे वेळापत्रक तरी ठरलेले असते. या बदलांत सगळ्या रंगांची सरकारे आली, त्यामुळे मी हे पत्र एका पक्षाच्या मंत्र्याला लिहीत नाही, खुर्चीला लिहिते आहे. दर वेळी कारण वेगळे दिले गेले. खरे कारण तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, तेव्हा ते लिहिण्यात शाई घालवत नाही.

एक गोष्ट मात्र नकाशा समोर घेऊन बघा. वसईच्या खाडीपलीकडे मनोरी, गोराई आणि उत्तन ही गावे एकाच भूभागावर आहेत. मनोरीतून उत्तनला जाताना मध्ये समुद्र लागत नाही, पूल लागत नाही. सारखीच बंदरे, सारख्याच होड्या, बोंबील वाळवायच्या तशाच वलांड्या, एकमेकांत दिल्या-घेतलेल्या मुली. तरी गोराई मुंबई महानगरपालिकेत आहे आणि मुंबईला १८८८चा स्वतःचा कायदा आहे, म्हणून तिथे एका प्रभागाला एक नगरसेवक. २२७ प्रभाग, २२७ नगरसेवक. उत्तन मीरा-भाईंदरमध्ये, तिथला प्रभाग अनेक सदस्यांचा. खाडी ओलांडून आमच्याकडे या, परत तेच. गोराईच्या बाईला एक मत देऊन घरी जाता येते आणि नंतर पाच वर्षे कुणाला बोल लावायचा हे तिला माहीत असते. उत्तनच्या बाईला आणि मला ते का नको? मुंबईत एक नगरसेवक असल्याने विकास अडला, असे विधानसभेत कुणी म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

बहुसदस्य प्रभागाच्या बाजूने जे बोलले जाते त्यातला एक मुद्दा मला मान्य आहे, आणि तो बायकांचा आहे. २०११पासून आपल्याकडे निम्म्या जागा महिलांच्या आहेत. एकसदस्य प्रभागात आरक्षणाची चिठ्ठी फिरली की पाच वर्षे राबलेल्या बाईचा प्रभाग हातचा जातो आणि तिला खुल्या जागेवर तिकीट कुणी देत नाही. चार जणांच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या असतातच, चिठ्ठी कशीही निघो. हे खरे आहे. मी स्वतः ग्रामपंचायतीत गेले ते राखीव जागेवरच. तेव्हा ती एक-तृतीयांश होती. पण पॅनेलमधल्या बाईचे काय होते तेही बघा. बॅनरवर तिचा फोटो असतो, खाली फोन नंबर शेजारच्या पुरुष उमेदवाराचा असतो. तिला मिळालेली मते तिची की पॅनेलची, हे तिलाही कळत नाही आणि पक्षालाही. पुढच्या वेळी तिला वगळणे म्हणूनच सोपे जाते. आरक्षण दर निवडणुकीला फिरवण्याऐवजी दोन निवडणुकांना एकदा फिरवा, ही मागणी जुनीच आहे. त्यासाठी चार प्रभागांची मोट बांधायची गरज नाही.

दुसरा मुद्दा सांगतात तो असा की चार नगरसेवक असले की एकाची जहागिरी होत नाही. होत नसेल. पण आमच्याकडे नाला तुंबला की चौघांपैकी कुणाला फोन करायचा, हे आधी घरात ठरवावे लागते.

नाल्यावरून आठवले. किनाऱ्यावरच्या प्रभागाचे काम डोंबिवलीच्या किंवा पुण्याच्या प्रभागासारखे नसते. तुम्हाला हे सांगायला नको, पण सांगते. आमच्या दारासमोरचा रस्ता पालिकेचा. तोच पुढे बंदरावर गेला की जेट्टी मेरीटाइम बोर्डाची. बाजूच्या कांदळवनाला हात लावायचा तर वनखाते. मासळी उतरवायच्या जागेचे मत्स्यव्यवसाय खाते. मिठागर केंद्राच्या मीठ आयुक्तांकडे. भरतीरेषेपासून किती अंतरावर शौचालयाची टाकी बांधता येईल, ते किनारा नियमन ठरवते, आणि ते २०११च्या अधिसूचनेने वेगळे होते, २०१९च्या अधिसूचनेने वेगळे आहे. नळाचे पाणी सूर्या धरणाचे, पण ते आमच्यापर्यंत आणण्याचे काम एमएमआरडीएचे. खारबंदिस्तीचा बांध फुटला तर खारभूमीवाले. आमचा नगरसेवक म्हणजे पाट्या ओळखणारा माणूस. कुठले दार कुणाचे आणि ते किती वाजता उघडते, हे ज्याला पाठ आहे तो चांगला नगरसेवक. या ज्ञानाला पदवी लागत नाही, पण तिथे दहा-वीस वर्षे राहावे लागते.

पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे तर त्याहून बारीक ज्ञान. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांमध्ये बावखले आहेत, गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत उतरते, जमिनीत मुरते, आणि मगच समुद्राकडून आत येऊ पाहणारे खारे पाणी अडते. एक बावखल बुजले की शेजारच्या तीन विहिरी मचूळ होतात, हे इथल्या कुठल्याही माळणीला विचारा. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, वसईच्या मिठागरात लोक अडकले, तेव्हा तज्ज्ञांच्या समित्या नेमाव्या लागल्या. त्यांचे काम मोठेच. पण आमच्या गल्लीत पाणी का साचते ते मला समितीशिवाय माहीत आहे. उधाणाच्या वेळी नाल्याच्या तोंडाशी समुद्राचे पाणी चढते आणि तोंडाशी जे फाटक होते ते कधीच गेले. हे सांगायला मी निवडणुकीला उभी राहिले होते. चार जागांच्या प्रभागात हे वाक्य सांगायला मला ४१ सेकंद मिळाले. स्टेशनकडच्या सोसायटीतल्या माणसाला या फाटकाशी काय घेणे? त्याचा प्रश्न सकाळच्या ७.४०च्या लोकलमध्ये चढण्याचा आहे आणि टाकीत टँकर येण्याचा आहे. त्याचे काही चुकत नाही. त्याला त्याचा नगरसेवक हवा, मला माझा. आम्हा दोघांना मिळून चार दिले, आणि चौघेही त्याच्या बाजूला राहतात, कारण मते तिकडे अधिक आहेत. बंदरावरचे अडीचशे उंबरे ४२ हजारांत विरघळून जातात. साडेदहा हजारांत ते निदान दिसतात.

२००९च्या जुलैमध्ये ही महापालिका झाली. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र आली. त्यानंतर गावे वगळण्यावरून जे आंदोलन आणि कोर्टकज्जे झाले, त्यात मी इथे शिरत नाही, त्यावर वेगळे पत्र लागेल. गावांनी त्या दिवशी एक गोष्ट मात्र नक्की गमावली, ती ग्रामसभा. २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसायची. मी सदस्य होते तेव्हा व्हरांड्यात उभे राहून ज्यांनी माझी सालटी काढली, त्यांत माझी सख्खी जाऊ होती. कारण काय, तर बंदरावरचा दिवा तीन महिने बंद. दिवा आठ दिवसांत लागला. कुणी म्हणेल, ग्रामपंचायतीतही प्रभागात दोन-तीन सदस्य असतातच की. असतात. पण तिथे सगळ्या प्रभागाचे मतदार मिळून काही शे. तिथे ‘तुझं पॅनेल कुठलं’ विचारतात, पण ‘तू कोण’ असे कुणी विचारत नाही. आमच्याच किनाऱ्यावर अर्नाळ्याला आजही ग्रामपंचायत आहे. तिथली कोळीण उभी राहिली तर तिला चिन्ह सांगावे लागते, नाव सांगावे लागत नाही.

गंमत म्हणजे शहरासाठीही आपल्या कायद्यात ग्रामसभेची बहीण आहे, क्षेत्रसभा. २००९च्याच दुरुस्तीने ती आली. काही मतदान केंद्रांपुरत्या मतदारांची सभा, अध्यक्ष नगरसेवक. तिला आजवर मला कुणी बोलावलेले नाही. आता बोलवायची म्हटली तर चौघांपैकी अध्यक्ष कोण, हा वाद आधी सोडवावा लागेल. एकसदस्य प्रभागात हा प्रश्नच उभा राहत नाही.

जून २०२०मध्ये आमच्या जुन्या सभागृहाची मुदत संपली. घटनेच्या २४३-यू कलमात पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्या असे स्वच्छ लिहिलेले असताना नवे सभागृह यायला जानेवारी २०२६ उजाडले. साडेपाच वर्षे प्रशासक. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५मध्ये आदेश द्यावा लागला, मुदत द्यावी लागली, ती वाढवावी लागली. यांतले आरक्षणाचे प्रकरण गुंतागुंतीचे होते, त्यात मी कुणाला दोष देत नाही. पण प्रभाग एकाचा, तिघांचा की चौघांचा, यावरून मध्ये आराखडे झाले, हरकती झाल्या, रद्द झाले, परत झाले. हा भाग टाळता आला असता. ऑगस्ट २०२५मध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा ज्याच्या घरापुढे जाऊन ओरडावे असा एकही नगरसेवक शहरात नव्हता. नगरसेवक असता तर इमारत उभी राहिलीच नसती, असे मी म्हणत नाही. तितकी भोळी मी नाही.

हे सगळे आत्ता का लिहिते आहे, तेही सांगते. पुढची निवडणूक २०३१ला. आज प्रभाग बदलले तर उद्या कुणाचा फायदा होईल, हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून आज ते करणे सोपे आहे. २०३०मध्ये करायला गेलात तर प्रत्येक जण बोटांवर जागा मोजत बसेल. शिवाय २०२७ला जनगणना होते आहे. तिचे आकडे आले की सगळ्या शहरांचे प्रभाग नव्याने आखावे लागणारच आहेत. कात्री हातात घ्यायचीच आहे, तर कापड एकदाच नीट मापाने कापा. महानगरपालिका अधिनियमाच्या पाचव्या कलमात दुरुस्ती करून मुंबईप्रमाणे प्रभागाला एक सदस्य ठेवा, आणि ते असे लिहा की पुढच्या सरकारला अध्यादेश काढून सहज फिरवता येणार नाही. किनाऱ्यालगतच्या गावठाण-कोळीवाड्यांच्या हद्दी प्रभाग आखताना तोडू नयेत, एवढी एक ओळ त्यात घाला. तोवर निदान क्षेत्रसभा बोलवायला सांगा. अध्यक्षपदासाठी चौघांनी आळीपाळी करावी, पाळणाघरातली मुलेसुद्धा करतात.

तुम्ही म्हणाल, या बाईला परत उभे राहायचे आहे. नाही. २०३१ला माझे गुडघे मला साडेदहा हजार माणसांतही फिरू देणार नाहीत. पण वलांडीवरच्या त्या बाईची मुलगी आहे. माझ्याकडे शिकली, आता स्वतःची चार मशिने टाकलीत. मच्छीमार सोसायटीत ती भांडते तेव्हा म्हातारे तांडेल गप्प होतात. तिला मी विचारले, तू उभी राहशील? ती म्हणाली, तीन जण कुठून आणू.

माझी एक विनंती आहे. एकदा आमच्या प्रभागात या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चला, गाडीतून नको. मी सोबत येईन. येण्याआधी पंचांग बघा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्या वेळा टाळा. नाल्याला फाटक नाही, त्यामुळे उधाणाला बंदराच्या रस्त्यावर घोटाभर पाणी असते आणि तुमचे बूट खराब होतील.

आपली,
वसईची एक पडलेली उमेदवार
(चिन्ह : कपबशी)